आधी आडवे व्हा, मग बटण दाबा: डबक्याकाठच्या छायाचित्रणातील चुका

मृगाचा पाऊस स्थिरावला की ओळखीच्या लोकांकडून माझ्याकडे छायाचित्रे येऊ लागतात आणि सोबत एकच तक्रार असते: कॅमेरा चांगला आहे, लेन्स नवी आहे, मग बेडूक असा बटाट्यासारखा का दिसतो? छायाचित्र उघडण्याआधीच उत्तर मला माहीत असते, कारण गेली सोळा-सतरा वर्षे मी त्याच त्या चुका पाहत आले आहे आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मी स्वतः केलेल्या आहेत. तपकिरी पाणी, तपकिरी चिखल, त्यात मिसळून गेलेला तपकिरी प्राणी आणि खालच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराच्याच बुटाचे टोक, असा या छायाचित्रांचा ठरलेला साचा आहे.

डबके हा विषय सोपा वाटतो, कारण तो घराबाहेर पडताच सापडतो. त्यासाठी जंगल सफारीचे तिकीट लागत नाही की पहाटेची गाडी पकडावी लागत नाही. पण सगळी डबकी सारखी नसतात. रस्त्याच्या खड्ड्यातले तेलकट तवंगाचे पाणी, भाताच्या खाचराच्या कडेला साचलेले पाणी, जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, उथळ खळग्यातले पाणी आणि उन्हाळ्यात आटत चाललेल्या ओढ्याकाठची ओली वाळू, या चारही ठिकाणचे रहिवासी वेगळे, त्यांच्या वेळा वेगळ्या आणि त्यांना बिचकवणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत. कुठल्या डबक्यापाशी काय घडते हे पाहण्यासाठी एक दिवस कॅमेरा न घेता जावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगते आणि आजवर बहुधा कोणीही ते ऐकलेले नाही.

उभ्याने काढलेला बेडूक

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि ती तंत्राची कमी, अंगाची अधिक आहे. उभ्या माणसाचा कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो आणि बेडूक दोन मीटरवर बसलेला असतो. एवढ्या उंचीवरून पाहिले की बेडकाच्या मागे जे दिसते तो त्याच्यापासून वीतभर अंतरावरचा चिखलच असतो. तो चिखल बेडकाइतकाच स्पष्ट येतो, रंगही तोच, त्यामुळे बेडकाला उठाव मिळायला जागाच राहत नाही. मग पार्श्वभूमी धूसर करायला लोक मोठ्या अ‍ॅपर्चरची (म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या मोठ्या छिद्राची) महागडी लेन्स घेतात. मात्र तोच कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर आणला, की बेडकाच्या मागची पार्श्वभूमी एकदम दहा-पंधरा मीटर लांब जाते, तिथले हिरवे खाचर धूसर होते, पाण्यात बेडकाचे प्रतिबिंब उमटते आणि त्याचा डोळा आपल्या डोळ्याच्या रेषेत येतो. यासाठी एक रुपयाही लागत नाही; कपडे मात्र धुवावे लागतात.

ही गोष्ट कळायला माझे एक अख्खे वर्ष वाया गेले. सिंधुदुर्गातल्या एका गावात जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खाचरात बुलफ्रॉगचा मेळा भरला होता. एरवी मळकट हिरवा दिसणारा हा बेडूक विणीच्या त्या थोड्या काळात लिंबासारखा पिवळाधमक होतो, गळ्याखालच्या दोन पिशव्या गडद निळ्या फुगतात, आणि नरांची एकमेकांवर झेप घेण्याची धांदल पाहताना आपण श्वास घ्यायचे विसरतो. मी बांधावर उभी राहून दोन तासांत चारशेच्या वर छायाचित्रे काढली आणि भलत्याच समाधानाने घरी आले. मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा चारशे छायाचित्रांत चारशे पिवळे ठिपके होते. कोण कोणाशी झुंजतो आहे, कोणाच्या पिशव्या फुगल्या आहेत, काही म्हणजे काही कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर पाणी तेच, खाचर तेच, पण रंग उतरलेले आणि बहुतेक मंडळी पांगलेली. हा सोहळा पहिल्या दमदार पावसानंतर मोजके दिवस चालतो आणि नंतर थेट पुढच्या वर्षीची वाट पाहावी लागते. पुढच्या जूनमध्ये मी खताची रिकामी गोणी अंथरून बांधाच्या उतारावर पालथी पडले, कोपरे चिखलात रुतवली, आणि तीन तासांत फक्त साठेक छायाचित्रे काढली. त्यांतली दोन आजही माझ्या भिंतीवर आहेत.

ज्यांचे गुडघे किंवा कंबर साथ देत नाही त्यांनी फिरत्या पडद्याचा कॅमेरा जमिनीलगत धरून वरून पडद्यात पाहावे. मोबाइल वापरणाऱ्यांनी तो उलटा धरावा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन पाण्यापासून बोटभर अंतरावर राहते. नवी पँट खराब होईल असे म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे कोणतीही युक्ती नाही.

आडवे होण्याआधी मात्र जागा नीट पाहावी, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. रत्नागिरी-देवगडकडच्या सड्यांवर फुरसे हा विषारी साप भरपूर आहे आणि तो जांभ्याच्या सुट्या दगडांखाली व कपारींत राहते. घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या रात्री बेडकांच्या मागावर चापडा हा विषारी साप पाण्याजवळच्या फांदीवर येऊन बसलेला असतो. मी काठीने आधी गवत हलवते, विजेरीने आजूबाजूचे दगड आणि हाताशी येणाऱ्या फांद्या पाहते, आणि मगच गोणी टाकते. जळवांचा बंदोबस्त ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे करावा. मी पायमोज्यांना तंबाखूचे पाणी लावते.

पोलरायझर कायमचा लावून ठेवणे

कोणीतरी कधीतरी सांगितलेले असते की पाण्याची छायाचित्रे पोलरायझरशिवाय काढू नयेत, आणि मग तो फिल्टर लेन्सवर जन्माचा बसतो. पाण्यावरून परतणारी चकाकी पोलरायझर सर्वांत चांगली कापतो ती आपली नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करत असताना. म्हणजे बेडकाची पिल्ले, पाण्याखालची अंडी, तळाशी चालणारे किडे यांसाठी बसून, थोडे वरून पाहताना तो उपयोगी आहे. पण आपण पालथे पडून पाण्याच्या रेषेत कॅमेरा आणला की त्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो आणि एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाश मात्र फुकट जातो. पावसाळी आभाळाखाली एवढा प्रकाश गमावणे कोणालाही परवडत नाही. शिवाय खाली झोपून आपण जे टिपायला गेलेलो असतो ते प्रतिबिंबच असते. मी स्वतः पाण्याखालचे पाहायचे असेल तर काळी छत्री उघडून डबक्यावर धरते. आभाळाऐवजी छत्रीचे काळे कापड पाण्यात उमटते आणि तळ आरशासारखा स्वच्छ दिसू लागतो. छत्री तशीही सोबत असतेच.

चौकट स्वच्छ करण्याची खोड

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे येते, कारण ती करणाऱ्याला आपण चूक करतो आहोत असे वाटतच नाही. उलट, आपण काळजीपूर्वक काम करत आहोत अशी त्याची समजूत असते. छायाचित्रात नको असलेली काडी काढायची, आडवे आलेले गवत उपटायचे, पाण्यातले कुजके पान उचलायचे, कडेचा दगड सरकवायचा. घरात लग्नाचा फोटो काढताना सोफ्यावरची पिशवी बाजूला ठेवावी, तितक्या सहजतेने हे केले जाते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या अखेरीस मी कोकणातल्या एका सड्यावर होते. चार दिवसांच्या झोडीनंतर उघडीप मिळाली होती. जांभ्याच्या कातळावर परातीएवढे, चार बोटे खोल पाणी साचलेले होते, त्याच्या कडेने सीतेच्या आसवांची जांभळी फुले दाटलेली होती आणि पाण्यात बेडकांची पन्नासेक पिल्ले कातळावरचे शेवाळ खात होती. फुले, त्यांचे प्रतिबिंब, त्यामागे पांढरे ढग आणि प्रतिबिंबाच्या आत पोहणारी पिल्ले, अशी चौकट मला दिसत होती. फक्त उजव्या कोपऱ्यात मुठीएवढा एक काळपट दगड घुसत होता. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि कामाला लागले. प्रकाश सुरेख होता, वारा नव्हता, त्यामुळे मी पुढची वीस-पंचवीस मिनिटे डोळा कॅमेऱ्यावरून हलवलाच नाही. मध्येच एकदा प्रतिबिंब सरकल्यासारखे वाटले, तर कोपर हलले असेल म्हणून चौकट पुन्हा जुळवली. दुसऱ्यांदा तसेच झाले. तिसऱ्यांदा मान वर केली तेव्हा पाण्याची कड फुलांपासून हातभर मागे गेलेली होती आणि उघड्या पडलेल्या ओल्या कातळावर दहा-बारा पिल्ले आडवी पडून शेपटी आपटत होती.

तो दगड त्या डबक्याचा बांध होता. कातळाच्या कडेला बोटभर रुंदीची एक खाच होती, दगड बरोबर तिच्यात बसलेला होता, त्याच्या मागे गाळ साचून ती लिंपली गेली होती, आणि एवढ्यावर त्या पाण्याचा सगळा संसार उभा होता. मी दगड परत बसवला, पण लिंपण निघून गेले होते; आजूबाजूचा चिखल आणि शेवाळ गोळा करून फट बुजवली, डब्यातली पोळी-भाजी पिशवीत रिकामी केली आणि त्या डब्याने शेजारच्या खळग्यातले पाणी आणून ओतत राहिले. उघड्यावर पडलेली पिल्ले ओल्या पानावर घेऊन पाण्यात सोडली. चारच्या सुमारास पुन्हा पाऊस आला म्हणून पाणी टिकले, नाहीतर माझ्या लिंपणाचा भरवसा मलाच नव्हता. त्या दिवशीची छायाचित्रे चांगली आली आहेत आणि मी ती कोणालाही दाखवत नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की कोणत्याही डबक्यापाशी बसले की आधी वाळल्या गवताची एक काडी पाण्यावर सोडायची आणि दोन मिनिटे तिच्याकडे पाहायचे. वारा नसताना काडी एका बाजूला संथपणे सरकत असेल तर पाणी तिकडून बाहेर जाते आहे असे समजावे, आणि त्या कडेला हात, पाय, पिशवी, ट्रायपॉड यांतले काहीही टेकवू नये. दगड मी आता उचलतच नाही. फुरशाची भीती हे एक कारण आहेच, पण ती नसती तरी उचलला नसता. आडवे येणारे गवत कपड्यांच्या चिमट्याने बाजूला बांधून ठेवते आणि निघताना चिमटा सोडते. कात्री घेऊन फिरणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही.

याच खोडीचा दुसरा प्रकार म्हणजे डबक्यात थेट पाय घालणे. ‘घोटाभर तर पाणी आहे’ हा युक्तिवाद नेहमीचा आहे, आणि नेमक्या घोट्याच्याही खालच्या पाण्यातच सगळे काही असते. आंबोलीचा टोड हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अंगावर पिवळसर पट्टे असलेला हा छोटासा जीव शास्त्राला २००९ मध्ये नव्याने कळला, अतिशय थोड्या भागात सापडतो आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. तो अंडी घालतो ती सड्यावरच्या अगदी उथळ, तात्पुरत्या पाण्यात. पारदर्शक अंडी ओल्या कातळावर उभ्या माणसाला दिसत नाहीत, आणि छायाचित्रकारांचा घोळका नर-मादीची जोडी टिपण्यासाठी चोहोबाजूंनी सरकत असतो, तेव्हा कोणाच्या बुटाखाली काय गेले याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. माझा नियम असा की एका डबक्याला एकच बाजू वापरायची. ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जायचे, आणि चौघे असतील तर आळीपाळीने एकाच गोणीवर झोपायचे. समोरच्या बाजूने प्रकाश अधिक चांगला असेल तर असू दे.

पिल्ले काचेच्या भांड्यात काढून त्यांची छायाचित्रे घेणे आणि मग ‘परत सोडून दिली’ असे सांगणे, याबद्दल मी काही लिहीत नाही. तसे करू नये.

फुलपाखरे आणि मिठाचे पाणी

होळीच्या सुमारास, ओढे आटू लागले की काठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे उतरतात. याला चिखलपान म्हणतात. उतरणारे बहुतेक नर असतात. फुलांच्या रसात न मिळणारे सोडियमसारखे क्षार आणि नत्रयुक्त पदार्थ ते चिखलातून शोषतात आणि त्यांचा काही भाग मीलनाच्या वेळी मादीकडे जातो. कॉमन जे, ब्ल्यूबॉटल, फाइव्ह-बार स्वोर्डटेल, पिवळे-पांढरे एमिग्रंट अशी दाटी होते आणि २०१५ पासून राज्य फुलपाखराचा मान मिळालेले नीलवंतही अधूनमधून त्यात उतरते. दृश्य असे असते की माणूस भान हरपून थेट त्यात चालत जातो, आणि पुढच्या क्षणी समोर नुसती वाळू उरते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका ओढ्यात अशा साठ-सत्तर फुलपाखरांच्या दाटीजवळ मी पाऊण तास सरपटत पोहोचले होते आणि पहिले छायाचित्र घेणार इतक्यात मागून एक उत्साही तरुण, ‘काकू, काय सापडलं?’ असे विचारत, उभ्यानेच पुढे आला. त्याचा उद्देश चांगला होता, पण त्याची सावली माझ्या आधी फुलपाखरांवर पोहोचली. थवा उठल्यावर त्याने अतिशय नम्रपणे पिशवीतून बाटली काढली आणि मिठाचे पाणी आणले आहे, दोन मिनिटांत सगळी परत येतील, असे मला सांगितले. मी त्याला तिथेच बसवले. पंधरा मिनिटे आम्ही दोघे हललो नाही. आधी दोन एमिग्रंट आले, मग एक कॉमन जे, आणि अर्ध्या तासात निम्मा थवा त्याच ओल्या पट्ट्यावर उतरला. बाटली त्याने घरी परत नेली. तो अजूनही मला अधूनमधून छायाचित्रे पाठवतो; ती उभ्याने काढलेली नसतात एवढे सांगण्यासारखे आहे.

मिठाचे पाणी किंवा मूत्र ओतून फुलपाखरे गोळा करणे ही युक्ती चालते, हीच तिची अडचण आहे. चालते म्हणून ती पसरते, आणि मग प्रत्येक ओढ्याकाठी त्याच एका ओल्या ठिपक्यावर एकमेकांच्या अंगावर चढलेल्या फुलपाखरांचे तेच ते छायाचित्र दिसते. ओढ्याच्या त्याच डबक्यात बेडकांची आणि माशांची पिल्ले असतात आणि गोड्या पाण्यातल्या पिल्लांना मीठ सोसत नाही, हेही बाटलीवाल्यांच्या ध्यानात येत नाही. ज्यांना अर्धा तास बसवत नाही त्यांनी फुलांचे छायाचित्रण करावे. फुले उडून जात नाहीत.

जवळ जाण्याची माझी पद्धत साधी आहे. सूर्य समोर किंवा बाजूला ठेवायचा, म्हणजे आपली सावली मागे किंवा दुसरीकडे पडते. तीन मीटरवर बसायचे आणि नुकतीच उतरलेली, पंख फडफडवणारी फुलपाखरे शांत होऊन त्यांची सोंड वाळूत टेकेपर्यंत थांबायचे. मग कोपरांवर थोडे पुढे, पुन्हा थांबायचे. थव्याच्या मधोमध लक्ष न देता कडेला एकटे बसलेले फुलपाखरू निवडायचे, कारण तेच चौकटीत सुटसुटीत येते. कॅमेऱ्याचा सेन्सर पंखांशी समांतर ठेवणे महत्त्वाचे आहे: फुलपाखराचे प्रत्यक्ष आकाराच्या पाव पट चित्र घेताना एफ/८ या मध्यम छिद्राला फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात जेमतेम एक सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते, आणि पूर्ण मॅक्रोला, म्हणजे एकास एक प्रमाणात, ती एका मिलिमीटरवर येते. कॅमेरा जरा तिरका झाला की डोळा स्पष्ट आणि पंखाचे टोक गायब होते. याला ‘लेन्स सॉफ्ट आहे’ असे म्हणून दुकानदाराशी भांडणारे लोक मला माहीत आहेत. स्वोर्डटेलसारखी फुलपाखरे शोषलेले जास्तीचे पाणी मागून थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. तो थेंब टिपायचा असेल तर सूर्य समोर, पार्श्वभूमी काळोखी आणि शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवून चिकाटीने बटण दाबत राहावे लागते. मला तो सातव्या वर्षी मिळाला.

प्रकाशमापन आणि वेग

ओला चिखल गडद असतो, म्हणून कॅमेरा चित्र उजळ करायला जातो आणि पांढऱ्या एमिग्रंटचे पंख जळून जातात. अशा वेळी एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप कमी करावे. याच्या उलट डबक्यात पांढरे आभाळ उमटलेले असेल तर कॅमेरा सगळेच काळवंडून टाकतो, तेव्हा एक स्टॉप वाढवावे. ‘घरी संगणकावर दुरुस्त करू’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. जळालेला पांढरा रंग घरी परत येत नाही.

पोहणाऱ्या पिल्लांना आणि पाण्यावर पळणाऱ्या पाणनिवळ्यांना १/२५० पुरते. घरट्यासाठी चोचीत चिखल गोळा करायला उतरणाऱ्या लालबुड्या भिंगरी या पक्ष्याला १/२००० हवे, आणि त्याहून जास्त हवी ती गाडीत बसून राहण्याची तयारी, कारण भिंगऱ्या एकाच खड्ड्यापाशी पुन्हा पुन्हा येतात आणि गाडीला फारशा बिचकत नाहीत. दार उघडून उतरलात तर संपले. कुंभारीण माशीही चिखलाची गोळी नेऊन परत त्याच जागी येते. तिच्या मागे पळू नये, गोळी उचलण्याच्या जागेवर आधीच फोकस लावून ठेवावा.

रात्रीचे डबके

रात्री बेडूक ओरडत असले की नवशिके विजेरीचा झोत टाकत आवाजाच्या दिशेने निघतात, बेडूक गप्प होतात, मग लोक जागा बदलतात, तिथलेही गप्प होतात, आणि शेवटी ‘आज काही नव्हते’ असा निष्कर्ष निघतो. आवाज चालू असेल तेवढाच वेळ चालावे, आवाज थांबला की आपणही थांबावे, आणि विजेरी खाली, पायांपाशी ठेवावी. बेडकाजवळ पोहोचल्यावर लगेच फ्लॅश मारू नये. त्याने पुन्हा गळा फुगवेपर्यंत बसावे.

कॅमेऱ्यावरचा थेट फ्लॅश ओल्या कातडीवर पांढरे डाग पाडतो आणि पाण्यात स्वतःचेच प्रतिबिंब सोडतो. मी फ्लॅश तारेने बाजूला काढते आणि दुधाच्या पिशवीचे धुतलेले पांढरे प्लॅस्टिक दोन पदरी करून त्यावर बांधते; बाजारातले डिफ्यूझर पावसात खराब झाल्याचा अनुभव घेऊन मी या पिशवीवर परत आले. एका प्राण्यावर तीन-चार फ्लॅश पुरे. पाचव्यातही नसेल आले तर ते पन्नासाव्यातही येत नाही. बेडकाला हातात घेऊन ‘चांगल्या’ पानावर बसवणारे लोक असतात, आणि त्यांतल्या अनेकांनी हाताला डासांचे मलम चोपडलेले असते. बेडूक कातडीतून श्वास घेतो. तेच मलम कॅमेऱ्याचे रबर आणि प्लॅस्टिकही विरघळवते, हे सांगितले की मात्र लोक चटकन हात पुसतात.

साहित्याबद्दल थोडेसे

लेन्सखाली ठेवायची उशी घरीच शिवावी. जुन्या जीन्सचा एक पाय त्याला उत्तम. आत काय भरायचे याचा विचार मात्र करावा. पहिल्या वर्षी मी मूग भरले होते आणि आंबोलीच्या पावसात तिसऱ्या दिवशी उशीला मोड आले. तांदूळ आंबतो. आता थर्माकोलचे मणी आणि तळाला थोडी धुतलेली रेती, असे मिश्रण आहे.

वातानुकूलित गाडीतून थेट पावसात कॅमेरा काढला की काचेवर दव धरते. तो पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा. आणि रात्री दमून आल्यावर ओला कॅमेरा पिशवीत तसाच बंद करून ठेवू नये. माझ्या एका मॅक्रो लेन्सच्या आत बुरशीचे जाळे पसरले ते अशाच एका आळसाच्या रात्रीनंतर, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मी ती लेन्स उशाशी ठेवून दोन दिवस नुसती पाहत होते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि ते अधूनमधून कढईत गरम करून वाळवावे.

बुटांचे तळ प्रत्येक ठिकाणाहून निघताना घासून, वाळवून घ्यावेत. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते, आणि एका दिवसात पाच डबकी पालथी घालणारे आपणच तिचे वाहन होऊ शकतो. दुर्मिळ प्राण्याचे छायाचित्र प्रसिद्ध करताना नेमके ठिकाण लिहू नये. तालुकाही पुष्कळ होतो.

शेवटची चूक मे महिन्यातली आहे. पाणी आटले की डबके संपले असे समजून लोक त्या खळग्यात गाडी उभी करतात, चूल पेटवतात, तंबूच्या खुंट्या ठोकतात. सड्यावरच्या कोरड्या खळग्यातल्या मातीत परीकोळंबीची अंडी पुढच्या पावसाची वाट पाहत महिनोन् महिने पडून असतात आणि पाणी साचताच काही दिवसांत त्यांतून पारदर्शक, उलटे पोहणारे जीव बाहेर येतात. माझ्या त्या सड्यावर मी दर उन्हाळ्यात एक फेरी मारते. खाच दिसते, दगड तिच्यात बसलेला असतो, त्याच्यामागे गाळाचे नवे लिंपण वाळून तडकलेले असते. त्या तड्यांची छायाचित्रे सकाळी आठच्या आत, तिरप्या उन्हात, चांगली येतात. गाडी खाली रस्त्यावर ठेवून चालत जावे.